दोरीपलीकडची पूजा

बोरी अरब, ८ ऑक्टोबर २००६

चि. अपेक्षास आजीचा अनेक आशीर्वाद, वि. वि.

तर आधी आली शेजारची भुरीबाई, ताक मागाले. तिच्या मागंच तुमच्या नेमबाजीच्या रेंजवरचे घनश्याम सर अन् त्यायची बायको. मी इतकी हरखली का भुरीबाईलेही चहाच पाजला. तुझे बाबा वावरात गेलते. अवंदा कापसाची बोंडं फुटाच्या आधीच पऱ्हाटीचं पान लाल पडून राह्यलं. मंग मी एकटीच बोलत सुटली.

सरायनं इचारलं, खांडेनवमीले मी हळदकुंकवाचं ताट घेऊन बंदुकायजवळ कोणी जाऊ नये म्हणून बांधलेल्या लाल दोरीपलीकडे गेलती कशी. मी तोंड उघडाच्या आधी भुरीबाईनं ठसक्यात सांगतलं, "नातीनंच मानानं नेलं आजीले." गावात तसं मीच सांगून बसलीवती. खरं तर तू दोनदा मागं थांब म्हणलं होतं. पण वखर-तिफण पुजतो तशा तुमच्या बंदुका पुजाव्या वाटलं. पोरीयनं त्या खाली ठेवल्या, तुझी पाठ वळली, अन् मी नळीसमोर उभी राहून कुंकू लावलं. सर म्हणे, एकीत छर्रा भरेल होता.  तरी भुरीबाईसमोर आपलं खोटं कबूल करवलं नाई. नातीनंच नेलं, सरायनं तेच लिहून नेलं. तुले मिळणार होती ती सुरक्षा पर्यवेक्षकाची जागा आता देता येत नाई म्हणे. पोरी, मले आरशात पाहाची लाज वाटते. रागाव, पण माया तोडू नको.

तुझी आजी विमल

यवतमाळ, १२ ऑक्टोबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

आजी, माझी पाठ वळली नव्हती गं. तू दोरी ओलांडताना मी पाहिलं. त्या दिवशी दोरीची राखण माझ्याकडे होती, शिट्टी तोंडातच होती. चारचौघांत आपल्या आजीवर शिट्टी कशी फुंकायची, म्हणून लाजले. तेवढ्यात एखादीनं बंदूक उचलली असती तर? हे मी सरांपासून लपवलं होतं, आज सांगितलं.  सर म्हणाले, आजीचं खरं ऐकतो, मग जागेचं ठरवतो. तू माझी बाजू घेऊ नकोस, झालं तेवढंच सांग. आहे तसाच लोभ राहू दे.

तुझी अपेक्षा

बोरी अरब, १७ ऑक्टोबर

चि. अपेक्षास आशीर्वाद.

आधी भुरीबाईच्या ओसरीवर गेली. पाच-सहा बाया तुरी निवडत होत्या, त्यायच्यासमोरच सांगतलं का मी खोटं बोलली. भुरीबाई म्हणे, मंग मले काहून बोलू देलं?  सरायले फोन लावला. सर अन् त्यायची बायको, दोघंही माझ्या तोंडून खरं आयकाले येतो म्हणले, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी.

आजी