ढावल्यातलं रडणं

वणी

प्रिय नंदाबाई,

पेढे पोचले. डब्यावर तू चिठ्ठी चिकटवलीस, ‘जमनीचं रेकॉर्डिंग येत्या रविवारी, लखनजींसोबत.’ लखनजी! अगं, तुझ्यासाठी तो ‘जी’ कधीपासून झाला? तुझ्या लेकीला त्याच्या अल्बममध्ये गायला मिळणार म्हणून तू सगळ्या तांड्याचं तोंड गोड केलंस. मी माझ्या वाटचे पेढे घरमालकीण गौहरचाचीला देऊन टाकले. फोनच करणार होते. पण तुझा फोन नेहमी स्पीकरवर, शेजारी भाऊजी कान टवकारून बसलेले, आणि लखनचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज नेमकी जाते. कागदाची रेंज जात नाही, म्हणून लिहायला बसले.

माझं बरं चाललंय. कोळशाच्या ट्रकवाल्यांचे डबे करते. झाकून ठेवलेल्या पिठावरही काळा थर बसतो, तेवढं सोडलं तर वणी मला मानवली. फक्त लखनबरोबर गायलेलं ते गाणं पिच्छा सोडत नाही. दारासमोर ट्रक थांबतो, केबिनचं दार उघडतं आणि आतून माझंच रडणं बाहेर येतं. एक ड्रायव्हर डबा घेता घेता म्हणाला, “काय रडते राजेहो ते बाई! काळीज हालते माह्यं.” ती बाई त्याच्याच डब्यात लोणचं वाढत होती. मी लोणचं जरा जास्त वाढलं.

ढावलो, आपल्या नवरीचं पाठवणीचं रडगाणं, थोरली बहीण म्हणून तूच मला शिकवलास. परक्या लोकांना सांगितलं तर हसतात, की तुमच्यात नवरीला रडायलासुद्धा शिकवतात, तेही सुरात. ओळ संपली की हुंदका, हुंदक्यानंतर श्वास, मग पुढची ओळ. मधेच हुंदका आला की तू रागवायचीस, शब्द मोडतो म्हणायचीस. रेकॉर्डिंगच्या दिवशी लोहारा गावच्या शेडमध्ये मी तसंच गात होते. शंकरसिंगने भिंतींना जुन्या गाद्या ठोकून बनवलेला तो स्टुडिओ, आणि तो स्वतःला म्युझिक कंपनीचा मालक म्हणवतो! एका ओळीला माझा सूर लखनच्या वर गेला. एवढंच झालं. मोठ्या गायकाला ते खपलं नाही. त्याने माझे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं आणि वर कानशिलात लगावली. गाद्या असल्यामुळे आवाजसुद्धा आला नाही. डाव्या कानाने मला अजून कमी ऐकू येतं.

आणि शंकरसिंग काय म्हणाला माहीत आहे? “काहून थांबली? गा ना ममता. आता बरोबर भाव आला.” मी गायले, बाई. आता तुला वाटेल, का गायले. दाराशी लखन उभा होता म्हणून. त्या कंपनीने तोच तुकडा ठेवला, तोच विकला. तांड्यातांड्यात, लग्नालग्नात तोच वाजतो.

व्हिडिओत ओठ हलवायला एक गोरीपान मॉडेल आणली आणि माझ्या नावाच्या जागी ‘सहगायिका’ लिहिलं. मग लखन टीव्हीवर गेला. तिथली परीक्षक बाई डोळे पुसत म्हणाली, स्त्रीचं दुःख इतकं समजून घेणारा कलाकार आपण पाहिला नाही. बिचारीला कोण सांगणार की दुःखाचा पुरवठाही तोच करतो. यंदाच्या महिला दिनाला तर त्यालाच प्रमुख पाहुणा केला. नारी सन्मान सोहळा! स्टेजवर फेटा, गळ्यात शाल, समोर बायांची रांग आणि हा डोळे मिटून माझं गाणं गातोय. माझी गोष्ट मी ज्याला ज्याला सांगितली त्याचं उत्तर ठरलेलं. ऑर्केस्ट्रावाला म्हणाला, “कलावंत माणूस हाय, डोकं गरम राह्यते.” पेपरवाला म्हणाला, “ताई, आमच्या वर्धापनदिनाले त्यायचाच कार्यक्रम हाय.” माझ्या घराचा नळ दुरुस्त करणाऱ्याने मला मारलं असतं तर याच लोकांनी त्याला चौकात बडवला असता. हार्मोनियम वाजवता येणाऱ्याला मात्र सगळं माफ. असल्या लोकांची मला आता भीतीसुद्धा वाटत नाही, नुसती शिसारी येते.

तू काय म्हणाली होतीस ते सांगायची गरज नाही, पण सांगतेच. तक्रार द्यायला निघाले तर तू माझी पिशवी धरून ठेवलीस. म्हणालीस, आपल्या लोकांतला एवढा एकच पोरगा टीव्हीपर्यंत पोचला, त्याला खाली खेचू नको. जसं काही वर चढताना त्याने माझ्या डोक्यावर पाय दिलाच नव्हता.

गौहरचाचीला ढावलो म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मी इथे राहायला आले तेव्हा समोरच्या ट्रकवर गाणं लागलं होतं. लसूण सोलता सोलता तिचे हात थांबले. “ये औरत गा नहीं रही, मार खा के रो रही है,” म्हणाली. तिच्यासाठी ती परकी भाषा, परकी रीत. तरी तिला कळलं. आपल्या हजारो लोकांना कळलं नाही, कारण ढावल्यात बाई रडणारच, असं सगळे धरून चालले. त्यांचं मी समजू शकते. तुझं नाही समजू शकत. माझा हुंदका शब्दाच्या मधोमध येतो, एकदा नाही, प्रत्येक ओळीला. गाणं पहिल्यांदा ऐकलंस तेव्हा तू आधी माझ्याकडे बघितलंस आणि मग म्हणालीस, “छान झालं.” तुला त्याच क्षणी कळलं होतं, बाई.

आता हे सगळं आज का लिहितेय ते ऐक. तू समजतेस की जमनी रियाजासाठी शंकरसिंगच्या घरी आहे. ती तिथे नाही. परवा ती एकटीच एस.टी.ने वणीला उतरली. आता माझ्याजवळ बसून मेथी निवडतेय. लखनने तिचा जबडा आवळून धरला होता, त्याच्या बोटांचे वळ अजून गालावर आहेत. तिने आधी फोन तुलाच केला होता. ‘याडी, मले घरी ने,’ म्हणाली. आणि तू आई असून तिला म्हणालीस, “मोठ्या कलाकारायचं असंच राह्यते, रविवारपर्यंत सोस.” हे तिने मला सांगितलं तेव्हा लखनपेक्षा मला तुझी चीड आली. उद्या मी तिला घेऊन ठाण्यात जाणार आहे. तक्रार तिची, साक्ष माझी. मारेगाववरून जाणाऱ्या एका ड्रायव्हरच्या हाती हे पत्र देतेय, म्हणजे आजच तुझ्या हातात पडेल. पोरगी सज्ञान आहे, तुझी सही कुठे लागणार नाही. पण दार वाजलं की ती मान वर करून बघते. तिला वाटतं, तू येशील. मला नाही वाटत. मला खोटं पाड, बाई.

तुझीच, अजूनही,
ममता