बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

आई, तुझ्या नातीला मलेरिया झालाय. घाबरू नकोस, ताप उतरलाय. खरी पंचाईत ताप उतरल्यावरच सुरू होते, हे मी लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. बरं वाटलं की माणसं गोळ्या बंद करतात.

आपल्या कॅम्प दोन वस्तीतला तो जीन्सचा कारखाना अजून डोळ्यांसमोर आहे. शाळा सुटली की मी तुझ्या मशीनपाशी येऊन बसते. कोणी बाई कण्हत आली की तू बटणांचा डबा उघडतेस, त्यात सगळ्यांच्या उरलेल्या गोळ्या. "टाकायच्या कशाला? कोणाला तरी लागतील." तुलाच ताप असला की सेठ ओरडायचा, "आंटी, घर जाओ ना!" आणि तू म्हणायचीस, "माझ्या अंगात ताप मुरलाय, मला काय होतंय!" मुरलाच होता. सारखा मलेरिया झाला की रक्तात त्याच्या अँटिबॉडी तयार होतात, ताप फार चढत नाही, पण जंतू आतच राहतो. आणि अर्धवट औषधातून तगलेले जंतू पुढे त्या औषधाला दाद देत नाहीत. हे मी नंतर शिकले. शेवटच्या तापातही तू डब्यातल्याच गोळ्या घेत राहिलीस. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, "हा मलेरिया या गोळीला जुमानत नाही. आधी का नाही आणलंत?" मी तेव्हा रडले नाही. अजूनही रडलेली नाही.

काल पोरीच्या शर्टाचं बटण तुटलं म्हणून तुझा डबा काढला, तर आत तिच्याच कोर्समधल्या गोळ्या. मी विचारलं, "हे काय गं?" ती मोबाईलमधून मान वर न करता म्हणाली, "अगं मम्मी, मी एकदम ओके आहे. राहू देत ना, कोणाला तरी लागतील." तिने तुला पाहिलेलंसुद्धा नाही. मी डॉक्टरांना फोन करून राहिलेला कोर्स कसा पुरा करायचा ते विचारलं, पाणी आणलं आणि गोळी तिच्या घशाखाली उतरेपर्यंत समोरून हलले नाही. "किती कटकट करतेस!" म्हणाली. करणारच. तुझ्याशी तेवढी कटकट करायला मला कोणी शिकवलं नव्हतं.

हे पाठवायचं तरी कुठे! पण एक सांगते. तिने ते "कोणाला तरी लागतील" म्हटलं ना, तेव्हा मला धडकी भरायला हवी होती. भरली, पण नंतर. आधी बरं वाटलं, तू बोललीस म्हणून.