झाकणावरचं पाणी

सांगली, मळ्यातलं घर
१ मार्च २०२५

ती. बाबा,

तुमच्या लेकीचा वाकून नमस्कार. आशीर्वाद द्या, पण सोबत "तब्येत सांभाळ, जेवतेस ना नीट" वगैरे नको. ते सगळं फोनवर होतं. फोनवर तुम्ही "बरं आहे ना?" विचारता, मी "हो" म्हणते आणि दोघंही सुटतो. म्हणून पत्र.

पाण्याचा कॅन पोचला. आपल्या शेजारचा विश्वजीतदादा हळदीच्या सौद्याला आला होता, तो वाट वाकडी करून मळ्यावर आला आणि कॅन कट्ट्यावर ठेवून म्हणाला, "काकांनी निम्मा सातारा भरून दिलाय." तुम्ही त्याला वाटेत सांडू नको म्हणून किती बजावलं असेल ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. चहा न घेताच पळाला.

इथल्या विहिरीचं पाणी तुमच्या क्षार मोजायच्या मीटरनं मोजलं. आठशे साठ. आपल्या नळाला पन्नासच्या वर आकडा कधी बघितला नव्हता, त्यामुळे मला वाटलं मीटरच बिघडला. मी बादलीत मीटर धरून उभी, तेवढ्यात सासरे आले. म्हणाले, "विहिरीला ताप आलाय काय गं?" सगळे हसले, मीही हसले. उसाला वर्षानुवर्षं वारेमाप पाणी पाजून इकडची जमीन खारावली आहे. माणसांना चालतं ते पाणी, आपल्या रोपांना नाही. दलदलीत, पावसाच्या पाण्यावर वाढणारी जात ती. मातीत खायला काही नसतं म्हणून तर बिचारी किडे धरतात. क्षार म्हणजे त्यांच्या मुळांना विष.

तुमच्या जावयानं, अतिशयनं, बॅटरीत घालतात ते बिनक्षाराचं पाणी आणून दिलं. पहिला कॅन छान निघाला, दुसऱ्यात आकडा दोनशेच्या पुढे. दुकानदार स्वतःच कुठूनतरी भरत असावा. गावातलं जारचं पाणी बघितलं, तर त्यात चवीसाठी काय काय मिसळतात म्हणे. घरात फिल्टर बसवायचा विचार मांडला, तर सासूबाई म्हणाल्या, "एक तांब्या गाळायला तीन तांबे गटारात सोडतंय ते मशीन. त्या पाण्यातल्या जिवांचं काय?" फिल्टर राहिला.

हो, सासूबाईंचं सांगायचं राहिलं. जैनांच्या घरात किडे खाणारी झाडं घेऊन येणारी सून म्हणजे मी! पहिल्याच आठवड्यात त्यांनी व्हीनस फ्लायट्रॅपच्या जबड्यात माशी मिटताना पाहिली आणि हातातली सुपली खाली ठेवली. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तिनं आपणहून धरली तर तिचं कर्म तिच्यापाशी. पर तू हातानं घालायची न्हाईस." मी कबूल केलं. आता कुंड्या गच्चीवर असतात आणि ज्याचं त्याचं कर्म ज्याच्या त्याच्यापाशी असतं.

पानांवर चिकट थेंब धरणाऱ्या दवबिंदूच्या दोन कुंड्या गेल्या. घटपर्णी, व्हीनस आणि बाकीचे दवबिंदू आहेत. तुमच्या पाण्यावर आता ती सावरतील. लग्नानंतर रोपांचं खोकं बांधून देताना तुम्ही हसत हसत म्हणाला होता, "जिथलं पाणी ह्यांना मानवणार नाही, तिथलं तुलाही मानवणार नाही बघ." हसत म्हणाला होता, पण तुमचा हात सुतळीवर थांबला होता. मी विसरलेले नाही. रोपं जगवून दाखवते की नाही बघा.

मी मजेत आहे.

तुमची
अश्लेषा


सांगली
२२ मार्च २०२५

ती. बाबा,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. अक्षर अजून ठसठशीत आहे, हात थरथरतो म्हणून सांगता ते खोटं.

घटपर्णीची सुरई काळी पडली. व्हीनसचे जबडे एकेक करून मिटले आणि उघडलेच नाहीत. दवबिंदूच्या पानांवर थेंब धरत नाहीत, पानं कोरडी आणि तांबूस. बाबा, ही सगळी तुमच्या पाण्यावर आहेत. दुसरा थेंब मी घातलेला नाही. इतकं जपून वापरते की तीन आठवडे झाले तरी कॅन अजून अर्ध्याच्या वर आहे.

तुम्ही लिहिता की दोष पाण्यात नसेल तर हवेत असेल, हवेत नसेल तर घरात असेल. एप्रिलमध्ये गाडी घेऊन येतो, रोपं घेऊन जाऊ, तूही चार दिवस माहेरपणाला चल. तुमच्या पत्रातले चार दिवस म्हणजे किती, ते तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही.

खरं सांगू? मी काल माळ्यावरून बॅग काढली. धूळ पुसली. उघडून ठेवली, भरली नाही.

घरात थोडं बोलणं झालं. थोडं म्हणजे... सासूबाईंना मी काही बोलले. त्या गप्प आहेत, मी गप्प आहे. अतिशय दोघींच्या मधून ताटं घेऊन फिरतो. सूर्य मावळायच्या आत सगळे एकत्र जेवायला बसतात इथे. मला ते आवडायला लागलं होतं, पण आता जेवताना भांड्यांचाच आवाज येतो. माणसं वाईट नाहीत. कुणी मला टाकून बोललेलं नाही. पण तीन महिने झाले तरी मी इथे पाहुण्यासारखीच वागते आहे. विचारल्याशिवाय डबा उघडत नाही. रोपांचं तेवढं माझं होतं, तेही चाललं.

पण एक ठरवलंय. रोपं का मरताहेत ते कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही. कळलं, की मग यायचं तर ताठ मानेनं येईन. काय झालं, कशामुळे झालं, हे न कळता हात झाडून परत येणारी मुलगी तुम्ही वाढवलेली नाही. आई असती तर तीही हेच म्हणाली असती.

तोवर गाडी काढू नका.

अश्लेषा


सांगली
११ एप्रिल २०२५

ती. बाबा,

नमस्कार! आज आधी बसा, पंखा लावा आणि सावकाश वाचा.

मी पहिल्यापासून सगळं तपासायचं ठरवलं. ऊन, माती, कुंड्या, मुंग्या. काही सापडेना. शेवटी लाजत लाजत तुमच्या कॅनचं पाणी मोजलं. लाजत अशासाठी, की ते आलं त्या दिवशी मोजलं होतं, बेचाळीस होतं, आणि वडिलांच्या पाण्यावर कोण पुन्हा संशय घेणार?

नऊशे चाळीस.

विहिरीपेक्षाही जास्त! मी मीटर पुसून पुन्हा बुडवला, आकडा तोच. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅनवर नजर ठेवून गच्चीच्या दारामागे उभी राहिले. सासूबाई देवळातून आल्या, स्वयंपाकघरातून पितळी कळशी घेऊन वर चढल्या आणि हलक्या हातानं कॅन भरायला लागल्या. मागच्या पत्रात जे लिहिलं नाही ते आता लिहिते. आमचं "थोडं बोलणं" झालं होतं त्यात मी त्यांना म्हटलं होतं, "तुम्हाला माझी रोपं मेलेलीच हवी आहेत." त्या आत निघून गेल्या होत्या. आणि आता तर मला पुरावाच मिळाला. मी पुढे होऊन विचारलं, "आई, हे काय घालताय?"

कळशी खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "मुनिम्हाराजांना देतो ते पाणी हाय. दुपदरी फडक्यानं गाळलेलं, खळखळून उकळलेलं. ह्या घरात ह्याच्यापरीस चोख पाणी न्हाई. रोज देते. आन् तू म्हणतीस मी मारलं?"

मग सगळं बाहेर आलं. कॅन आल्यावर दोन दिवसांनी त्यांनी वाकून बघितलं, तर न गाळलेलं, शिळं, झाकण लावून कोंडलेलं पाणी. त्यांच्या लेखी अशा पाण्यात जीव होतात. सुनेचं पाणी, माहेरचं, टाकून कसं द्यायचं? म्हणून ते गाळून तुळशीला आणि जास्वंदीला घातलं आणि कॅन उकळलेल्या पाण्यानं भरला. तो कमी झाला की भरत राहिल्या. मी मूर्ख, मला वाटत होतं मीच काटकसरी!

"पण रोज का, आई?" मी विचारलं. तर म्हणतात, "आगं, भुकेलं पोर माती खातं. ह्येला कुणी धड पाणी पाजलं न्हाई म्हणून माशा खातंय. चांगलं पाणी मिळालं तर सोडंल की सवय, असं वाटलं मला."

बाबा, मला हसूही आलं आणि रडूही आलं. ती बाई तीन आठवडे कळशी घेऊन जिना चढत होती, गुडघे धरून, माझ्या झाडांना चांगल्या वळणाला लावायला. आणि मी तिला काय बोलले होते! मी त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "ऊठ. आधी सांग, चुकलं काय?"

म्हणून स्वयंपाकघरात गेलो. उकळून जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. पाणी आटतं, क्षार मागे उरतात. हे मी तोंडानं सांगत होते, पण त्यांना मीटर दाखवायचा होता. चुलीवर मोठं पातेलं उकळत होतं. मी झाकण उचललं आणि झाकणाखालचं पाणी टपटप मनगटावर पडलं. भाजलं, हात झटकला आणि तिथेच थांबले. हे पाणी वाफ होऊन वर गेलं होतं. क्षार खालीच राहिले असणार! वाटीत झाकण निथळून मीटर बुडवला. आकडा चार. पातेल्यातलं मोजलं, नऊशेच्या वर. सासूबाईंनी दोनदा मोजायला लावलं. मग मीटर स्वतःच्या हातात घेऊन मोजलं. मग म्हणाल्या, "म्हंजे पाऊसच की गं हा. घरातल्या घरात."

त्या दिवसापासून पाण्याचं खातं त्यांच्याकडे गेलंय. पातेल्यात तिवईवर वाटी ठेवायची, वर झाकण उलटं, झाकणाच्या खोलगटात गार पाणी. वाफ झाकणाला लागते आणि झाकणाच्या मधल्या टोकावरून वाटीत गळते. घरातलं पिण्याचं पाणी रोज उकळतंच, त्यामुळे वेगळं जळण लागत नाही. काही वाया जात नाही. सासूबाईंच्या भाषेत प्रासुक, म्हणजे जीव नसलेलं, आणि वर क्षार नाहीत. सासऱ्यांनी त्या उलट्या झाकणाकडे बघून विचारलं, "आज काय बेत हाय?" सासूबाई म्हणाल्या, "झाडांचा सैपाक." मी आधी सगळ्या कुंड्या याच पाण्यानं धुऊन काढल्या, मातीतले क्षार निघेपर्यंत. पुढच्या पावसाळ्यासाठी अतिशय पिंप आणतोय. तोवर झाकण.

घटपर्णी गेली, बाबा. ती नाही वाचली. पण व्हीनसच्या बुडाशी हिरवा कोंब आलाय आणि एका दवबिंदूनं काल पहिल्यांदा थेंब धरले. काल महावीर जयंती. सासूबाई रथाच्या मिरवणुकीहून आल्या त्या थेट गच्चीवर. थेंब बघून म्हणाल्या, "माशी न्हाई ना आली अजून?" मी म्हटलं, नाही. "येऊ दे तिची ती," म्हणाल्या आणि खाली गेल्या.

आता एक गंमत. तुमच्या कॅनचं पाणी गाळल्यावर फडकं उलटं धुऊन ते पाणी त्यांनी बाटलीत भरून ठेवलंय. तिला जिवाणी म्हणतात. गाळताना फडक्यावर राहिलेले जीव ज्या पाण्याचे, त्याच पाण्यात परत सोडायचे, असा इथला नेम. विहिरीची जिवाणी रोज विहिरीत जाते. साताऱ्याची कुठे सोडणार? म्हणून ती बाटली देवघराच्या कोनाड्यात आहे आणि सासूबाई येता-जाता तिच्याकडे बघून हळहळतात. नळाच्या पाण्यात औषध टाकलेलं असतं, जीव कुठले, असं मी सांगून पाहिलं. ऐकतील तर शपथ. "असला तर?" म्हणतात.

मी चेष्टेनं विचारलं, "मग मलाही साताऱ्याला सोडून येणार का?"

चेष्टा होती, पण विचारताना माझा आवाज बदलला असणार. त्या चुलीकडून माझ्याकडे वळल्या. "तुला काय गाळून आणलंय व्हय? तुझ्या पायानं आलीस. जायचं तर तुझ्या पायानं जा, कोण आडवत न्हाई. आन् ऱ्हायचं तर भांडून ऱ्हा. पर गप बसून नको ऱ्हाऊ, लय तरास होतो."

त्या संध्याकाळी मी न विचारता साखरेचा डबा उघडला आणि सगळ्यांना चहा केला. जरा जास्तच गोड झाला होता. सासरे तसं बोलले, मी त्यांना उलट बोलले आणि घरात आवाज झाला. बॅग माळ्यावर गेली.

बाबा, तुम्हाला रोपं परत नको होती, मी हवी होते. लिहायचं टाळलंत, मीही वाचायचं टाळलं. आई गेल्यावर आपण दोघंच होतो आणि आता तुम्ही एकटे आहात. मला तुमची फार आठवण येते, रोज येते. तरी मी राहणार आहे. हे सहन करून नाही, ठरवून.

पुढच्या रविवारी सासूबाई आणि मी साताऱ्याला येतोय, एसटीनं. बाटली त्या मांडीवर घेऊन बसणार आहेत. आपल्या नळाला पाणी कासच्या तलावातून येतं हे मी सांगितलंय, तेव्हा कासला जावं लागेल. तुमची गाडी आता त्याच्यासाठी काढा. जेवण सूर्यास्ताच्या आत हवं आणि पाणी गाळून उकळून ठेवा. उकळताना झाकण ठेवा, झाकणाचं पाणी निथळवू नका. ते कसं वापरायचं हे तुम्हाला सासूबाईच दाखवणार आहेत, मी शब्द दिलाय. दवबिंदूचं एक रोप तुमच्यासाठी आणतेय, इथल्या पाण्यावर जगलेलं.

सोमवारी सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी परत. बाटली रिकामी असेल. मला सोडायला स्टँडवर या, आणि ह्या खेपेला सुतळीवर हात थांबवू नका.

तुमची कायमची, आणि आता इथलीही,
अश्लेषा