आईचा गाऊन आणि आपला बिबट्या

प्रिय ताई,

रविवारी मुलुंडला तुझ्या फोटोंचं प्रदर्शन आहे. तुझ्या पक्षीवाल्या ग्रुपने हॉल घेतलाय, आणि मधल्या भिंतीवर कुठला फोटो लावायचा ते ठरवायचं काम माझ्यावर टाकलंय. माझ्यावर! उद्या फाइल छपाईला द्यायची आहे. जिला विचारायचं ती तूच नाहीस, म्हणून लिहितोय.

आधी तक्रार. "फोटो काढू दे, रंगाचं नंतर बघू," म्हणत तू ढीगभर फोटो तसेच ठेवून गेलीस. साध्या तापात कोणी असं जातं का गं?

तुझा लॅपटॉप उघडला तर सगळे फोटो राखाडी, मरगळलेले. मला वाटलं, माझ्याच हातून बिघडले. वाट लागली! घाबरून तुझ्या ग्रुपमधल्या नीलिमाताईंना फोन केला, तर त्या हसायलाच लागल्या. "अरे, रॉ फाइल अशीच असते. कणीक मळलेली आहे, पोळी तुला लाटायची आहे."

तेव्हापासून शिकतोय. बारावी अर्धवट सोडलेला मी, व्हिडिओ थांबवून थांबवून एकेक बटण समजून घेतो. पहिला खंड्या इतका निळा केला की आई म्हणाली, "ह्यो काय रंगपंचमी खेळान इलो?" घुबडाच्या फोटोत अंधारामुळे आलेले बारीक दाणे पुसत गेलो, तर घुबड प्लॅस्टिकचं झालं. साकीनाक्याच्या गाळ्यात दिवसभर बफिंग करून धातू चकचकीत करणारा माणूस मी. डाग दिसला की हात शिवशिवतात. "सावली म्हणजे मळ नव्हे रे पिंट्या," असं तू एकदा म्हणाली होतीस. तेव्हा कुठे कळलं होतं?

मधल्या भिंतीसाठी मी आपला बिबट्या निवडला. आठवतं? कितीतरी पहाटे तू मोरीच्या खिडकीशी स्टूल टाकून बसायचीस. आई बाहेरून ओरडायची, "अगो, मी आंघोळ खंय करू?" आणि एकदा फटफटताना तो खरंच आला. चाळीमागच्या भिंतीवर बसला, मागे जंगल, आणि बरोबर डोक्यावर दोरीला आईचा फुलाफुलांचा गाऊन! तू फोटो काढत होतीस. मी तुझ्यामागे बादली ढालीसारखी धरून उभा होतो.

फोटो बघून आईने तुला बजावलं होतं, "माझो गाऊन दुनियेक दाखवशीत तर बघ." तू ऐकलंस. इतका भारी फोटो, पण कुणाला दाखवला नाहीस.

म्हणून मी गाऊन काढला. ब्रशने एकेक फूल पुसलं, तिथे पानं बसवली. दोरी गेली, चिमटे गेले, नळाचा पाइपही गेला. घनदाट जंगल! जोड कुठे दिसेना. खूश होऊन आईला दाखवलं.

ती चष्मा लावून बघत राहिली. "ह्यो खंयचो?"

"आपलाच गं. तुझा गाऊन तेवढा काढला."

"आपलो नाय ह्यो. आपलो माझ्या कपड्यांखाली बसललो."

"अगं, लोक हसतील, म्हणून..."

"हसूंदेत! माझा चेडू त्या मोरयेत बसान हेची वाट बघी. ह्या असल्या जंगलात नाय. गाऊन परत हाड माझो."

आईने गाऊन परत मागितल्याचं नीलिमाताईंना सांगितलं, तर त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "उजेड कमीजास्त कर, पण चौकटीतलं काही काढायचं नाही. हा तुझ्या ताईचाच नियम." हा नियम मला कधी सांगणार होतीस गं?

बरं तर बरं, मूळ फाइलला धक्का लागत नाही. एक बटण दाबलं आणि गाऊन, दोरी, चिमटे, सगळं जिथल्या तिथे आलं. आईने स्क्रीनवरच्या गाऊनवरून बोट फिरवलं. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "ता स्टूल अजून थंयच आसा."

म्हणून आता शब्द देतो. फोटोत तू पाहिलास तेवढाच उजेड ठेवीन, थेंबभर जास्त नाही. रविवारी आई त्या फोटोशेजारी उभी राहणार आहे, तोच गाऊन तिने धुऊन ठेवलाय; प्रदर्शनात घालू नकोस, एवढंच तिला सांगून बघतोय. आणि सोमवारी पहाटे तुझा कॅमेरा घेऊन मी त्या स्टुलावर बसेन. घाबरेन, पण बादली खाली ठेवून.

तुझाच,
पिंट्या