धक्क्यावरचे नऊ देणगीदार

४ ऑक्टोबर, रविवार

विसरलीस ना, वहीबाई? गेल्या रविवारी बजावलं होतं, पुढच्या खेपेला पहिली ओळ मिनासची घालायची. आज उघडलं तर पान कोरं. आठवण ठेवायला तुला घरात आणलं, आणि आठवण ठेवायची कुणी? मीच. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, जिला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही.

तर घे पहिली ओळ. माझ्या लेकाचं, मिनासचं, पत्र आलं नाही.

बोलते मी, लिहिते झेनो. वरच्या खोलीत राहते, उत्तरेकडची पोर, मार्चमध्ये इथे आमच्या ग्रीक बेटावर, हानियाला आली. दिवसा परदेशी पाहुण्यांना आमचं जुनं बंदर पायी फिरवून दाखवते, संध्याकाळी माझी बडबड उतरवते. दोन्हीकडे घसा आणि पाय झिजतात म्हणते. माझ्याकडे पाय कशाला झिजतील? पण जिना चढावा लागतो, ते खरं.

आज चर्चमध्ये दोन कागद दिले. एकावर जिवंत माणसं, एकावर गेलेली. पाद्रीबुवा दोन्ही वाचतात — एकासाठी आयुष्य मागायचं, दुसऱ्यासाठी विसावा. गेलेल्यांच्या कागदाला आता पाठची बाजूही पुरत नाही. जिवंतांच्या कागदावर पहिलं नाव मिनास. चाळीस वर्षं तेच पहिलं. हा कागद हाती घेताना पाद्रीबुवा डोळे मिटतात. भक्तिमान माणूस.

७ ऑक्टोबर

पोस्टमन आला. लाइटचं बिल. पत्र नाही.

११ ऑक्टोबर, रविवार

माझा म्हातारा, मानूसोस, जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून पत्रं बंद. मिनास बापावर रुसला होता, समजू शकते. पण बाप गेल्यावर आईवर कसला रुसवा?

बावीस वर्षांचा होता. बापाला वाटे पोराने आपल्यासारखं धक्क्यावरच्या कमानीखाली बसून होड्यांच्या फटी बुजवाव्यात. पोराला बोटीवर जायचं होतं. भांडण झालं. म्हातारा म्हणाला, "जा, आणि परत तोंड दाखवू नकोस." पोर आज्ञाधारक. नाही दाखवलं.

पत्रं मात्र यायची. वर्षातून दोन, ईस्टरला आणि मिनास संताच्या दिवशी, म्हणजे ह्याच्या नावाच्या दिवशी. कुठल्या कुठल्या दक्षिण अमेरिकेच्या बंदरातून. म्हातारा चष्मा पुसायचा, घसा साफ करायचा, मग वाचायचा. "आई, मी बरा आहे. इथलं ऑलिव्हचं तेल म्हणजे दिव्याचं रॉकेल. फोन करत नाही, आवाज ऐकला की रडू येतं." वाचता वाचता म्हाताऱ्याचाच आवाज फाटायचा. मी म्हणायची, "पुन्हा वाच." पुन्हा वाचताना दोन वाक्यं बदललेली. "मघाशी तेल म्हणालास, आता चीज कसं?" तो म्हणायचा, "चष्म्याचा दोष."

पत्रातल्या शिव्याही बापाच्याच तोंडच्या. रक्त कुठे जातं.

मीही डबे पाठवायची. जवाचे खडखडीत पाव, चीज, बदाम. म्हातारा पोस्टात नेऊन द्यायचा. मनुका कधी घातल्या नाहीत. मिनास लहानपणी केकमधून मनुका एकेक वेचून ताटाच्या कडेला रांगेत लावायचा. गल्लीत सगळ्यांना तोंडपाठ आहे हे, इतक्या वेळा सांगितलंय मी.

आज हरवलेलं दाखवून देणाऱ्या संतासाठी केक भाजला. त्याचा दिवस ऑगस्टात असतो, पण त्याला कळेल, म्हातारीची घाई आहे. सात घरी वाटला. मागणं एकच — मिनासचा पत्ता दाखव.

समोरच्या पेलागियाने तुकडा घेतला आणि रुमालाने डोळे पुसत बसली. म्हटलं, "इतका वाईट झालाय का?" म्हणाली, "नाही गं आर्गिरो, दालचिनी नाकात गेली."

१५ ऑक्टोबर

झेनोचं रविवारचं गिऱ्हाईक रद्द झालं. कुणी एक श्रीमंत बाई, एकटीनेच फिरणार होती, दोन तास, फक्त तिच्यासाठी. ताप आला तिला. झेनो म्हणाली, "आजी, तुम्ही चला तिच्या जागी."

"मी? जन्म गेला इथे. मला काय दाखवणार तू?"

"जे तुम्ही बघितलं नाही ते."

बोलायला शिकलीय. जाणार आहे.

१८ ऑक्टोबर, रविवार

चर्चचाच काळा पोशाख, वर चांगला रुमाल. झेनोने स्वतःच्या गळ्यात गाइडची पाटी घातली, हातात कागद. मला "बाईसाहेब" म्हणाली. मी म्हटलं, "चार पावलं मागे राहा, लोक म्हणतील म्हातारीला पकडून नेतेय."

कमानींपाशी थांबलो. "इथे व्हेनिसचे लोक हिवाळ्यात जहाजं ओढून ठेवायचे."

"ओढत असतील. माझ्या म्हाताऱ्याने या तिसऱ्या कमानीखाली चाळीस वर्षं डांबर उकळलं. ते आहे का तुझ्या कागदात?"

"नाही आजी."

"मग तुझा कागद अर्धा."

तिने लिहून घेतलं. पुढे चामड्याच्या गल्लीत तिने इतिहास सांगितला, मी वास सांगितला. इतिहासापेक्षा वास लोकांना आवडेल, हेही लिहून घेतलं. दीपगृह लांबूनच बघितलं. ते तिला फार आवडतं. मला नाही. दिवा असून काय उपयोग, ज्याला यायचं नाही तो येत नाही.

मग धक्क्याच्या टोकाकडे लहान चर्च आहे तिकडे मीच तिला नेलं. ते तिच्या वाटेत नव्हतं. म्हटलं, "आता माझी पाळी. चल, तुला आमचे नऊ कंजूष दाखवते." चर्चच्या समुद्राकडच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे. धक्का दुरुस्त करायला ज्यांनी देणगी दिली त्यांची नावं. म्हाताऱ्यानेच सांगितलं होतं, पाटी बसवली तेव्हा. नऊ देणगीदार, आणि एकाला बसायला बाक द्यायची बुद्धी झाली नाही. दर उन्हाळ्यात तिथून जाताना मी त्यांचा उद्धार करायची. म्हातारा हसायचा नाही. माझा कोपर धरून भिंतीच्या बाजूने स्वतः चालायचा.

"वाच," मी झेनोला म्हटलं. "कागदात घाल."

तिने वाचायला सुरुवात केली. "यांच्या स्मर—" आणि थांबली. मग म्हणाली, "हो आजी. देणगीदारच आहेत."

"नावं वाच ना."

"पुसट झालीत."

मी हात टेकला भिंतीला. मग गुडघा दुखायला लागला. घरी आलो.

१९ ऑक्टोबर

आज काही सांगितलं नाही. तसंच लिही. आज काही सांगितलं नाही.

२० ऑक्टोबर

लिही, झेनो — तू खोटं बोललीस. लिही म्हणते ना. रडून कागद भिजव हवं तर, पण लिही.

नावं पुसट नव्हती. छिन्नीने खोल कोरलेली होती, बोट जात होतं आत.

मिनास बोटीवर जायच्या आधी मी त्याच्या तीन सदऱ्यांच्या कॉलरवर त्याचं नाव शिवलं होतं. बोटीवर धुण्यात कपडे बदलतात म्हणून. त्याने खडूने आमच्या मोठ्या ग्रीक अक्षरांत नाव काढून दिलं, मी त्यावरून टाके घातले. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, पण हाताला येतात. दोन डोंगर. मग एका पायरीची शिडी. मग तीच शिडी, पायरी घसरलेली. मग घराचं छप्पर. शेवटी खेकड्याची नांगी. सुई बोटात घुसली होती त्या नांगीपाशी, म्हणून जास्त लक्षात.

डोळ्यांना भिंतीवरचं लिखाण म्हणजे मुंग्यांची रांग. मुंग्यांकडे कोण बघतं? पण परवा आधारासाठी हात टेकला आणि बोटाखाली दोन डोंगर आले. मी हात पुढे नेला. शिडी. मोडकी शिडी. छप्पर.

नांगीपर्यंत गेले नाही. हात काढून घेतला.

आज सकाळी झेनोला म्हटलं, "आता खरं वाच. पाटीवर काय आहे?" तिने सांगितलं. बोटीचं नाव. त्याच वर्षाचा नोव्हेंबर, ज्या वर्षी तो घर सोडून गेला. वादळ. नऊ खलाशी. सहावं नाव मिनास, बापाचं नाव मानूसोस, वय बावीस.

म्हणजे घरातून गेल्यावर सात आठवडे जगला.

आणि मी त्याला कंजूष म्हणत आले. दर उन्हाळ्यात.

२३ ऑक्टोबर

पत्रांचा डबा काढला. बिस्किटांचा, पत्र्याचा. झेनोसमोर ओतला. "काय आहे ते एकेक सांग."

लाइटचं बिल. लाइटचं बिल. औषधाच्या दुकानाची जाहिरात. पाण्याचं बिल. चर्चच्या सोडतीचं तिकीट. एकावर मी दोनदा ओठ टेकवले होते, तो डाग अजून आहे — लाइटचं बिल.

म्हातारा बिलं हातात धरून मला मुलगा वाचून दाखवत होता. वर्षातून दोनदा. चष्मा पुसून.

राग यावा म्हणून वाट बघितली. आला, पण धड बसेना. तोंड दाखवू नकोस असं पोराला म्हणणाऱ्याला दुसरं काय सुचणार? तोंड दाखवता येत नव्हतं, तर आवाज आणला.

तळाशी एक खरं पत्र होतं. घड्यांवर कागद झिजून कापडासारखा झालेला. म्हणजे कुणीतरी पुष्कळदा उघडलेलं. पिरेयस बंदरातून टाकलेलं. बोट शेवटच्या फेरीला सुटायच्या आदल्या दिवशी. म्हाताऱ्याने हे मला कधी वाचून दाखवलं नाही. पत्र पोचायच्या आधी तार पोचली असणार.

झेनोने वाचलं. मी पुन्हा वाच म्हटलं. एक शब्द बदलला नाही.

"आई, बाबांना सांग, राग गेला. त्यांनाही जाऊ दे म्हणावं. बोटीवरचा आचारी सगळ्यात मनुका घालतो. हसू नकोस, पण मला आवडायला लागल्यात. आपल्याकडच्या पाठव थोड्या. आता वेचून काढणार नाही."

२६ ऑक्टोबर

पेलागियाला बोलावलं. दारातच कळलं तिला. खुर्चीवर बसली नाही, उंबऱ्यावर बसली.

"कुणाकुणाला माहीत होतं?"

"सगळ्यांना, आर्गिरो."

"पाद्रीबुवांना?"

"त्यांना आधी. ते म्हणायचे, आईच्या हातचा कागद मी खोडायचा नाही. तुझा कागद वाचताना मिनासचं नाव मनातल्या मनात दुसऱ्या कागदावर नेत होते."

दर वर्षी त्याच्या नावाच्या दिवशी मी दार उघडं ठेवायची. मुलगा घरात नसला तरी रीत आहे. अख्खी गल्ली यायची, गोड खायची, आणि म्हणायची, "तुझा मिनास शंभर वर्षं जगो." हसत म्हणायची. एकाचीही जीभ अडखळली नाही. काय माणसं आहेत ही. काय कसलेली माणसं.

"आणि माझे डबे?"

"मानूसोस धक्क्यावर न्यायचा. जी बोट लागलेली असेल तिच्यावरच्या पोरांना वाटायचा. म्हणायचा, मिनासच्या आईकडून."

मग मी ते विचारलं जे विचारायचं नव्हतं. नोव्हेंबरच्या शेवटी पेलागिया वाडगाभर घुगऱ्या पाठवते, गेलेल्या माणसासाठी गव्हाच्या करतात तशा, वर साखर आणि बदाम. कुणा मामासाठी म्हणायची, समुद्रात गेलेल्या. मी खायची, आणि दर वर्षी नाव ठेवायची. साखर कमी. डाळिंब आंबट. आणि मनुका एक नाही, इतकी कसली चिकट ही बाई.

"तुला मामा होता का गं?"

"नव्हता," पेलागिया म्हणाली.

मी तिच्याशेजारी उंबऱ्यावर जाऊन बसले.

"मनुका नाही घातल्या मी," ती म्हणाली. "तूच सांगायचीस ना, तो वेचून काढतो."

१ नोव्हेंबर, रविवार

चर्चला गेले नाही. कोणता कागद न्यायचा?

८ नोव्हेंबर

झेनो आता पाहुण्यांना त्या भिंतीपाशी नेते. नऊ नावं मोठ्याने वाचते. मला विचारून. सहाव्या नावाशी थांबू नकोस म्हणून सांगितलंय. बाकीच्या आठांनाही आया होत्या.

१० नोव्हेंबर

उद्या मिनासचा दिवस. दार उघडं राहील. झेनो, जिवंतांच्या कागदावरचं पहिलं नाव काढ आणि दुसऱ्या कागदावर घाल. बापाच्या शेजारी. जागा नसेल तर कडेला, आडवं.

आणि समोर जाऊन पेलागियाला सांग — महिनाअखेरपर्यंत थांबू नकोस, घुगऱ्या उद्याच पाठव. गहू तुझे, साखर तुझी. मनुका घाल. भरपूर घाल.