झावळ्यांखालची माती

न्यू ब्रिटन बेट

माझ्या आईला,

आधी बातमी ऐक, आमच्या तेलपामच्या मळ्यात उतारावरच्या त्या बारा पिवळ्या झाडांना घड लागलेत! काल तुझ्या जावयाने, काउपानेच मला हाताला धरून दाखवायला नेलं. तोच, जो कुऱ्हाड घेऊन ती तोडायला निघाला होता.

चूक माझी होती. तू शिकवलंस तशी मी झाडांखालची जमीन रोज लख्ख झाडायचे, म्हणजे गळलेली फळं वेचायला सोपी. पण इथली माती ज्वालामुखीची हलकी राख आणि पाऊस धो धो. उघडी माती वाहून गेली, मुळं वर आली, पानं पिवळी पडली.

मग दोन वर्षं झाडू टांगून ठेवला. छाटलेल्या झावळ्या उतारावर आडव्या रचल्या आणि तिथेच कुजू दिल्या. सेपिक नदीकाठची शेजारीण अपोलोनिया ओरडायची, "अगं दोर्का, डोंगरातल्या बायका कधीपासून आळशी झाल्या? साप बाळंत होतील त्यात!" मी हसायचे, पण झोप लागायची नाही. ती झाडं गेली तर गाठोडं बांधून परत आपल्या डोंगरात जाऊ, असं काउपा म्हणाला होता.

आज झावळी उचलली तर खाली काळी, ओली माती आणि गांडुळं! झावळ्या कशा रचायच्या ते अपोलोनिया विचारून गेली.

तुझा गुडघा कसा आहे? रताळी कोण खणून देतं? घड पिकतील तेव्हा ये, फळं मिळून वेचू. तेवढे दिवस झाडू मात्र मी लपवून ठेवणार आहे.

नखांत माती घेऊन बसलेली तुझी लेक,
दोर्का