आन्सेल्मचा वाटा

ओंफ्लर, २६ जानेवारी १९०८

चि. सौ. रोझालीस,

सेलेस्टीनचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू माहेरी सुखरूप पोचल्याचं कळलं. दिवस भरत आलेत, जिने चढू नकोस. आईच्या हातचं लोणीही बेतानं खा, परत येशील तेव्हा दारातून आत मावायला हवीस. आन्सेल्मच्या जहाजाची अजून खबर नाही. जहाज कंपनीच्या कचेरीतला कारकून म्हणतो, चिली काय शेजारचं गाव आहे का, बाई.

तीन राजांच्या सणाला कापलेल्या गालेतच्या केकमधला आन्सेल्मचा राखलेला वाटा कपाटात आहे, अगदी खडखडीत. तो कोरडा तोवर दर्यावरचा माणूस सुखरूप, हे तुला सांगायला नको. गालेतमध्ये दडवलेला वाल टेबलावर कुणालाच सापडला नाही, म्हणजे तो त्याच्याच वाट्यात असणार. आल्यावर राजाचा मुकुट त्याचाच.

काळजी करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी सासू,
सेलेस्टीन

---

लिझ्यू, ४ फेब्रुवारी

ती. सासूबाईंस,

रोझालीचा शि. सा. न. वि. वि. परवा मेणबत्त्यांच्या सणाला आईनं धिरडी केली. मला एकही उलटता आलं नाही. वारा सुटला की मी दचकून उठते. बाळही लाथा मारतं, बापासारखंच उतावळं. पोस्टमन गल्लीत दिसला की मी आत पळते. पत्र आलं तरी भीती, न आलं तरी भीती.

तुमची माया अशीच राहो.

रोझाली

---

ओंफ्लर, १६ फेब्रुवारी

चि. सौ. रोझालीस,

अ. आ. वि. वि. तू वाट्याबद्दल एक अक्षर विचारलं नाहीस, तेव्हाच वाटलं, हिला कळलंय. पोरी, मी खोटं लिहिलं होतं. वीस जानेवारीलाच कोपऱ्यावर हिरवा ठिपका दिसला. आता बुरशी अर्ध्यावर आलीय. आन्सेल्मच्या वडिलांच्या वाट्याचंही एक्क्याण्णव साली असंच झालं होतं.

पोटुशी बाईला हे लिहू नये. पण तेव्हा ते बुडाल्याचं कचेरीचं पत्र मला वाचता येईना. पाद्रीबाबांनी वाचून दाखवलं, त्याआधी सगळ्या बंदराला कळलं होतं. पुन्हा कुणी माझ्यापासून काही लपवू नये म्हणून मी त्या वयात अक्षरं गिरवली. आता मीच तुझ्यापासून लपवू? ओल लागली की बुरशी येते, हे पुस्तकात वाचलंय. कळतं. तरी कपाट उघडायला हात धजत नाही.

जिवाला जप.

सेलेस्टीन

---

लिझ्यू, २० फेब्रुवारी

ती. सासूबाईंस,

शि. सा. न. वि. वि. मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. निघायच्या दिवशी तुम्ही मासळीबाजारात गेलात, तेव्हा मी आन्सेल्मचा वाटा फडक्यात गुंडाळून घेतला. त्याच्यावाचून दिवस काढवले नसते. त्या जागी मी भाजलेल्या गालेतचा तुकडा ठेवला. तीच, जी आतून कच्ची राहिली आणि तुम्ही म्हणालात, कोंबड्यांनाही घालू नकोस. खरा वाटा माझ्या पेटीत आहे, विटेसारखा कोरडा. विचारलं असतं तर कबूल करावं लागलं असतं, म्हणून गप्प राहिले.

चूक पदरात घ्या.

रोझाली

---

ओंफ्लर, ८ मार्च

चि. सौ. रोझालीस,

अ. आ. वि. वि. तुझं पत्र वाचून वाटलं, पोरगी मला धीर द्यायला थापा मारतेय. म्हणून सुरी घेऊन तो हिरवा तुकडा मोडला, पार चुरा करून पाहिला. वाल नाही, म्हणजे हा त्याचा वाटाच नव्हे. मग इतकी रडले की शेजारची ओदिल धावत आली. तिला वाटलं, खबर आली.

काल कारकून स्वतः दारात आला, टोपी हातात घेऊन, मरणाची खबर आणतात तसा. मी दार लावूनच घेणार होते. तर म्हणतो, वाऱ्यानं उडत होती म्हणून काढली. आन्सेल्मचं पत्र घेऊन आला होता. पाकीट तुझ्या नावाचं, तरी मी फोडलं, राग मानू नकोस. स्वतः वाचलं, तीनदा. तो चिलीत इकिकेला पोचलाय, दाढी वाढवलीय, आणि माझा वाटा उंदरांना देऊ नका म्हणतो. पत्र सोबत पाठवतेय.

पण ते आहे बारा जानेवारीचं. आजची खबर तुझ्या पेटीत आहे. दर रविवारी पाहून लिहीत जा. आणि वाल आहे का म्हणून मोडून बघू नकोस. तो येऊन स्वतः मोडील.

लोभ आहेच, चोरटे.

तुझी सासू,
सेलेस्टीन